तांबडं मेडल

"टेबलावर नको. तिकडे खिडकीत ठेव."

नववीच्या वर्गात इतिहासाचे सर मला हे म्हणाले. पहिलं महायुद्ध शिकवायचं होतं. घरात लढाईची काही वस्तू असेल तर आणा, असं त्यांनीच सांगितलं होतं. शाळा देवळाली कॅम्पजवळची, त्यामुळे टेबलावर तीन वस्तू आल्या होत्या. पाटलाच्या मुलानं आणलेला आजोबांचा वर्दीतला फोटो, एक दुर्बीण, एक चांदीचं मेडल. चौथी वस्तू माझी. पणजोबांचं मेडल, आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, धुतलेल्या रुमालात गुंडाळून नेलेलं.

सरांनी ते दोन बोटांत धरलं.

"सैनिकाला चांदीचं मिळतं. हे तांबडं आहे. तुझा पणजा तिकडे मेलेली खेचरं ओढत असेल. गावातलंच काम, फक्त साहेबाच्या पगारावर."

वर्ग हसला. एक्केचाळीस मुलं. शेजारचा हसला नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. तोही हसला होता.

मी मेडल खिडकीत ठेवलं. स्वतःच्या हातानं. सरांच्या बोलण्यापेक्षा याची लाज मला जास्त आहे.

दहावी सुटेपर्यंत माझं नाव खेचर. "ए खेचर, दप्तर ने." "खेचर, आज लढाई किती वाजता?"

घरी आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "लढले रे. तिकडं इराकात, बसऱ्याला लय लढले."

"कुठल्या पलटणीत?"

"ते नाय माहीत."

दर भीमजयंतीला आप्पा ते मेडल चिंचेनं चमकवून सदऱ्याला लावायचे आणि मिरवणुकीत छाती काढून चालायचे. त्यांना पुढं काय विचारणार?

मला वाटलं, वरून तांबडं असलं तरी आत चांदी असेल. रविवारी आप्पा बाहेर गेल्यावर मी कानस घेतली. दर्शनी बाजू घासली असती तर कळलं असतं, म्हणून कड घासली. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं होती. गेली तर गेली. जवळजवळ पूर्ण फेरी मारली. आतही तांबडंच होतं.

आता मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात आहे. व्हर्नियर घेऊन दिवसभर मापं घेतो. आप्पा गेल्यावर मेडल माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी कॅम्पातल्या एका निवृत्त सुभेदारांना ते दाखवलं.

"हे मजूर तुकडीचं," ते म्हणाले. "लढणाऱ्याला चांदी, ओझं वाहणाऱ्याला कांसं. छाप तोच, पंगत वेगळी." मग त्यांनी कड उजेडात फिरवली. "नाव-नंबर इथं असतो. कुणी घासलं हो?"

मी घासलं.

घरी येऊन कड मोजली. घासलेल्या जागी व्यास अर्ध्या मिलिमीटरनं कमी भरतो. नंबरातले शेवटचे दोन आकडे उरलेत, चार आणि सात. नाव गेलं. गोऱ्या सरकारनं पंगत वेगळी लावली, तरी नाव ठोकलं होतं. सरांनी मला लाज दिली. कानस मी चालवली.

या महिन्यात माझ्या मुलीच्या शाळेत महायुद्धावर प्रदर्शन होतं. तीही नववीत. तिच्या वहीत या धड्याची अकरा पानं आहेत. राजे, तह, तारखा. ओझं वाहणाऱ्यांची एक ओळ नाही. मेडल तिनंच मागितलं. कार्ड आम्ही दोघांनी लिहिलं.

मॅडमनी कार्ड वाचलं. गोड बोलल्या. "दादा, 'मजूर' कशाला? 'शूर योद्धा' लिहू या ना. मुलीलाही बरं वाटेल. नाहीतर मागच्या टेबलावर ठेवू, इतर वस्तूंमध्ये."

आवाज वेगळा होता. खिडकी तीच.

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी तिच्याएवढा असताना माझा हात आपोआप खिडकीकडे गेला होता.

"कार्ड बदलणार नाही," मी म्हणालो. "मेडल मागं जाणार नाही."

"अहो, पण लोक काय म्हणतील?"

"वाचतील."

मुलीनं विचारलं, "पप्पा, शेवटची ओळ पण ठेवायची?"

"ठेव."

तिनं कार्ड पहिल्या टेबलावर ठेवलं, त्यावर मेडल.

"राघो सखाराम, मजूर. पहिल्या महायुद्धात ओझी वाहिली. घरात सांगतात, बसऱ्याला. लढल्याचा पुरावा नाही. कडेवरचं नाव पणतूनं लाजेपोटी घासून काढलं."

प्रदर्शन संपेपर्यंत मी त्या टेबलापाशी उभा राहिलो. सहा तास.

येत्या जयंतीला ते मी सदऱ्याला लावणार आहे. चिंच लावणार नाही. कुणी विचारलं तर 'लढले' म्हणणार नाही. हमाल होते, असं सांगणार. तांबडं आहे. तांबडंच राहील.