बहिणीची दृष्ट

माझ्या धाकट्या भावाला रक्ताचा कॅन्सर झाला तेव्हा तो सहा वर्षांचा होता आणि मी अकरा. आज तो अकरावीच्या क्लासला जातो, दोन माणसांचं जेवतो आणि अजूनही स्वतःची मोसंबी स्वतः सोलत नाही. ती सवय त्याला त्या वर्षी लागली. त्याचा हेवा करायची माझी सवयही तेव्हाचीच.

जळकोटचं घर वडिलांवर सोडून आई, तो आणि मी लातुरात दवाखान्याजवळ एका खोलीत राहायला आलो होतो. गावाकडून येणारे सगळे त्याच्यासाठी काहीबाही आणायचे. शहाळी, बिस्किटं, एकदा तर रिमोटची गाडी. मला विचारायचे, भाऊ कसा हाय? मी कशी आहे, हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही. नव्या शाळेत सहामाहीला मी वर्गात दुसरी आले. आईला सांगितलं तर औषधाच्या बाटलीवरचं वाचता वाचता ती ‘बरं’ म्हणाली. मान वर केली नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं अर्धी पोळी खाल्ली की मात्र घरात दिवाळी!

रोज दिवेलागणीला आई त्याची दृष्ट काढायची. मीठ, मोहरी, लाल मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवायची आणि पुटपुटायची, आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, बहिणीची, कुणाचीही लागली असेल तर जळून जाऊ दे. मग मूठ तापल्या तव्यावर टाकायची. ठसका लागला नाही तर दृष्ट लई कडक आहे म्हणायची. ‘बहिणीची’ म्हटलं की मी दचकायचे. त्या खोलीत बहीण मी एकटीच होते.

एकदा बरा होता होता त्याला पुन्हा ताप भरला. संध्याकाळी आईनं मिरच्या हातात घेतल्या तशी मी उठून बाहेर गेले. ती तशीच माझ्यामागं आली. मी सांगून टाकलं, त्याला माझीच लागली आहे, त्याच्याकडे बघितलं की माझ्या पोटात जळतं, मला जळकोटला पाठवून दे.

मार बसेल असं वाटलं होतं. आई पायरीवर बसली. दवाखान्यात दुसऱ्यांची लेकरं पळताना दिसली की आपल्याही पोटात जळतं, म्हणाली. मग समोरच्या भिंतीकडे बघत बोलली,

“आईची नजर सगळ्यात आधी लागती. त्याला मीच लावली. लई कौतुकानं बघायची मी त्याच्याकडं. म्हणून तुझ्याकडं बघत न्हाई. तू तरी नीट राहावीस.”

म्हणजे माझ्या वाट्याचं बघणंसुद्धा त्यानंच खाल्लं होतं. आईची दया यायला हवी होती, मला आला राग. मी तिची हनुवटी धरली आणि तोंड माझ्याकडे वळवलं.

“लागू दे,” मी म्हणाले. “पण बघ.”