नवरदेवाची गाडी कुठली?

चहा घ्या आधी, कारण एकदा सुरू केलं की मी मधे थांबायची नाही. आणि हसायचं असेल तर मोकळेपणी हसा, लाजू नका. माझ्या फजितीवर आमचं अख्खं घाटकोपर हसलंय, त्यात तुमची काय भर पडणार?

गोष्ट माझ्या नणंदेच्या, कुसुमच्या लग्नाची. सासरे नव्हते, त्यामुळे लग्नाचा सगळा भार आमच्या ह्यांच्यावर. आणि ह्यांचा सगळा भार कुणावर? बरोबर!

आमचे हे तेव्हा एका देशी मोटार कंपनीत नोकरीला. आणि माझा धाकटा भाऊ वसंता विलायती मोटार कंपनीच्या कारखान्यात. बोटीतून खोकी यायची, ती फोडून हा इथे गाड्या जोडायचा. म्हणजे माझं माहेर विलायती आणि सासर देशी! दर रविवारी वसंता जेवायला यायचा आणि पहिल्या वरणभातालाच लढाई जुंपायची.

हे म्हणायचे, "तुमच्या साहेबाला दिल्लीहून निरोप गेलाय, माहितेय ना? भाग इथे बनवा, नाहीतर गाशा गुंडाळा!"

"भावोजी, आणि तुमच्या देशी मोटारीत देशी काय हो? चाकातली हवा! बाकी तुमच्याकडेही खोकीच येतात की!"

"आणि तुमच्या गोऱ्याचं इथलं काय? घाम! तोही आमच्याच पोरांचा!"

"देशाला धरणं बांधायचीत, भावोजी. त्याला ट्रक लागतात, ट्रक! मोटारी काय, शेटजींना हवा खायला."

"म्हणजे आम्ही जन्मभर मालच वाहायचा का रे? मोटारीत बसायचं फक्त गोऱ्यांनी?"

देश कोण पुढे नेणार यावर दोघं इतकं भांडायचे, की कोपऱ्यावरून दही कोण आणणार हा प्रश्नच निघायचा नाही. दही मीच आणायची. चालत. कारण देशाची चाकं हातात घेतलेल्या या दोन वीरांच्या घरी साधी सायकल नव्हती!

तर कुसुमचं जमलं चेंबूरच्या सबनिसांकडे. माणसं भली. सबनीस म्हणाले, "आम्हाला हुंडा नको, मानपान नको. फक्त आमचा मधुकर मोटारीतून मांडवात आला पाहिजे. बस्स!"

हे छाती फुगवून म्हणाले, "त्यात काय! आमच्या कंपनीची नवी कोरी मोटार नवरदेवाला आणायला येईल."

मी लगेच मान डोलावली. "अहो, तुमचीच गाडी हवी. दुसऱ्या कुणाची चालायचीच नाही मला."

इथपर्यंत सगळं ठीक. पण दोन दिवसांनी वसंता आला. तोंड हे एवढंसं. "ताई, भावोजींच्या ऑफिसातून मोटार येणार म्हणे. मी काय मेलोय? मी मुलीच्या वहिनीचा भाऊ, माझा काही मान? मी आमच्या साहेबाला विचारून ठेवलंय. अशी गाडी आणतो, की चेंबूर बघत राहील!"

आता तुम्हीच सांगा, पाठच्या भावाचं तोंड पडलेलं कुणाला बघवतं? म्हटलं, "अरे वेड्या, नवरदेव तुझ्याच गाडीतून येणार! ह्यांना मी बघते."

आणि बघितलं का मी ह्यांना? छे! मनात म्हटलं, आयत्या वेळी दोन मोटारी आल्या तर एकीत नवरदेव, एकीत वरमाई. तेवढाच आपला तोरा. वाईट काय त्यात?

वाईट एवढंच, की 'गाडी' म्हणजे कसली गाडी, हे मी वसंताला विचारलंच नाही.

लग्नाचा दिवस. गोरज मुहूर्त, घाटकोपरला हॉल. नवरदेवाला आणायचं मानाचं काम माझ्याकडे. मी दुपारीच बसने चेंबूरला सबनिसांकडे जाऊन बसले. अंगावर शालू, हातात ओवाळणीचं तबक, चेहऱ्यावर राणीसारखा भाव.

संध्याकाळ व्हायच्या आत ह्यांची मोटार आली. काळीभोर, चकचकीत, नाकावर झेंडूची माळ. पुढे ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी आमचे हे, शेरवानीत. सबनिसांनी मोटारीला एक प्रदक्षिणा घातली आणि ह्यांना म्हणाले, "वा! शब्दाला जागलात!"

हे माझ्याकडे बघून गालात हसले. लग्न झाल्यापासून असे हसले नव्हते हो!

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी धडाडधूम आवाज झाला. भिंतीवरची कावळ्यांची रांग उडाली. शेजारची म्हातारी ओरडली, "अगं बाई, धरणीकंप!"

धरणीकंप कसला, वसंता! दोन्ही बाजूच्या कुंपणांना घासत एक अवाढव्य मालट्रक गल्लीत शिरत होता. चार कोपऱ्यांना केळीचे खांब बांधलेले, मागे सतरंजी अंथरलेली, टपावर सनईवाला! आणि ड्रायव्हरच्या शेजारी फेटा बांधून माझा भाऊ.

मी धावत गेले. "अरे, हे काय आणलंस?"

"गाडी!"

"अरे, मोटार कुठे आहे?"

"मोटारी कुठे आता? साहेबाने जोडायच्या बंद केल्या ना! आता नुसते ट्रक. मी रोज सांगतो जेवताना. तू ऐकत नाहीस?"

खरं सांगू? मी पोळ्या वाढत असायची.

तोवर हे मोटारीतून उतरले. "हा माल कुणी मागवला?"

"माल नाही, भावोजी. नवरदेवाची गाडी आहे ही."

"नवरदेवाची गाडी आमची!"

"ताईने मला शब्द दिलाय!"

"तिने मला दिलाय!"

दोघांनी माझ्याकडे बघितलं. सबनिसांनी बघितलं. मुंडावळ्या बाजूला सारून नवरदेवाने बघितलं. सनईवालासुद्धा वरून वाकून बघायला लागला. माझे दोन्ही हात तबकात अडकलेले, पण जीभ? ती कधी अडकलीय? म्हटलं, "अहो, भांडता काय? दोन्ही गाड्या मीच ठरवल्यात. नवरदेव मोटारीत, वऱ्हाड ट्रकमध्ये!"

सबनीस लालबुंद झाले. "आमचं वऱ्हाड मालट्रकात? आम्ही काय कांद्याच्या गोणी आहोत?"

पण वरमाई शहाणी हो! भरभक्कम बाई, आवाज सुभेदारासारखा. म्हणाली, "गप्प बसा तुम्ही. एवढ्या माणसांनी बसला लोंबकळत जाण्यापेक्षा हे काय वाईट? वारा तरी लागेल." आणि तिने स्टूल मागवलं. खालून तिघी ढकलतायत, वरून दोघे ओढतायत, असा तो सोहळा. अर्ध्यावर लटकत असताना तिने कमरेची डबी काढून माझ्या हातात कोंबली. "वैनी, एवढं मंगळसूत्र धरा. मला दोन्ही हात लागतायत."

मी डबी पदराला गाठ मारून बांधली. वऱ्हाड चढलं, नवरदेव मोटारीत बसला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

आणि मोटार सुरूच होईना!

ड्रायव्हरने खटका दाबला. मोटार खोकली आणि गप्प. पुन्हा दाबला. नुसतीच उचकी. हे बाहेर आले आणि हसून म्हणाले, "नवी आहे. जरा लाजतेय."

ट्रकमधून वसंता ओरडला, "लाजायला ती नवरी आहे का, भावोजी?"

हँडल मारून झालं. बॉनेट उघडून सगळ्यांनी आत डोकावून झालं. ज्यांनी जन्मात बैलाचं जू बघितलं नव्हतं, तेही "पेट्रोल येत नाही वाटतं" म्हणायला लागले. नवरदेवाने स्वतः उतरून ढकलायची तयारी दाखवली. सबनीस आभाळाकडे बघून म्हणाले, "मुहूर्त!"

वसंता खाली उतरला. हातात दोर. "भावोजी, बांधतो मागे. ट्रक नेईल ओढून."

हे मोटारीच्या आडवे उभे राहिले. "विलायती ट्रक देशी मोटार ओढणार? सगळ्या चेंबूरसमोर? प्राण गेला तरी नाही!"

"मग एकदाच म्हणा. देशाला मोटार नको, ट्रक हवा. म्हणा, लगेच बांधतो."

"नाही म्हणणार!"

"मग बसा!"

झालं! तिकडे मांडवात माझी नणंद हळद लावून बसलेली, इकडे हे दोघं देशाचं औद्योगिक धोरण ठरवतायत. ज्यांनी ते खरं ठरवायचं ते तिकडे दिल्लीत निवांत चहा पीत असतील!

तेवढ्यात ट्रकवरून वरमाईचा आवाज आला. "वैनी, देवापुढे समई तशीच राहिलीय बघा! जरा शांत करा आणि दाराला कुलूप घालून किल्ली आणा!"

मी आत गेले. समई शांत केली. मागचं दार उघडंच होतं, ते लावलं. माजघरात दुधावर मांजर टपून बसलं होतं, त्याला हाकललं. ट्रकची धडधड कानावर आली, म्हटलं, वसंता नुसता सुरू करून ठेवतोय. कुलूप गंजलेलं, लागता लागेना. शेवटी खट्ट झालं, मी गल्लीकडे वळले, आणि...

गल्ली रिकामी! मोटार नाही, ट्रक नाही, सनई नाही. झेंडूच्या चार पाकळ्या आणि काळा धूर.

"अहो! वसंता!" मी नुसती ओरडतेय. शेजारची म्हातारी ओट्यावरून म्हणाली, "गेले की सगळे. तुम्ही कुठल्या गाडीत होतात?"

काय सांगू तिला? मोटारवाल्यांना वाटलं मी ट्रकात, ट्रकवाल्यांना वाटलं मी मोटारीत. दोघांनाही शब्द दिलेली बाई दोन्हीकडून सुटली! आणि पदराच्या गाठीत मंगळसूत्र. वाट लागली हो!

शालू वर खोचून रस्त्यापर्यंत धावले. बसचा पत्ता नाही. टांगा नाही. माणूस म्हणून दिसत नव्हतं. दिसली ती एक बैलगाडी. डोंगराएवढा पेंढा भरलेली आणि वर माहुलकडचा एक गाडीवान, गाणं गुणगुणत. मी सरळ बैलांच्या पुढ्यात उभी राहिले.

"दादा, घाटकोपरला सोडा हो! लग्न खोळंबलंय!"

"नाय वैनी. मना कुर्ल्याला जायाचा हाय, तबेल्याव पेंढा टाकाचाय."

पैसे देते म्हटलं, नाही. हात जोडले, नाही. म्हणाला, "लग्नाला जायाला लोक मोटार करतान. माजे गारीला कोन इचारतंय?"

त्याचा चेहरा असा काही पडला, की मला राहवेना. माझी जीभ सुटलीच. "अहो दादा, तुमच्या गाडीला कोण नाही म्हणेल? नवरानवरीची वरात तुमच्याच गाडीतून काढू! पण आधी मला पोचवा!"

"खरा?"

"देवाशपथ!"

बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या गेल्या आणि मी पेंढ्यावर आडवी! धरायला काही नाही, दर खड्ड्याला मी हातभर वर जातेय. रस्त्यावरची पोरं टाळ्या पिटतायत. शालूत शिरलेलं एकेक कुसळ टोचतंय. पण बैल कसले धावले! एकदाही खोकले नाहीत की लाजले नाहीत.

हॉलमध्ये शिरले तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. माझ्या सख्ख्या नणंदेच्या लग्नात मंगलाष्टकं मी ऐकलीच नाहीत! आत एकच गोंधळ. भटजी हात पुढे करून "मंगळसूत्र, मंगळसूत्र" म्हणतायत आणि वरमाई गरजतेय, "वैनींकडे दिलंय! वैनी कुठे आहेत?"

हे म्हणतायत, "वसंताच्या ट्रकमध्ये होती."

वसंता म्हणतोय, "भावोजींच्या मोटारीत होती."

"तुझ्या!"

"तुमच्या!"

"इथे आहे हो मी!" मी दारातून ओरडले.

सगळा मांडव वळला. अंबाड्यात पेंढा, नाकावर धूळ, एक चप्पल गायब. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. मी धावत जाऊन गाठ सोडली आणि डबी भटजींच्या हातात दिली. नवरदेवाने मंगळसूत्र बांधलं, कुसुमच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मीही त्यात माझं थोडं मिसळून घेतलं.

मग वरमाईने सांगितलं काय झालं ते. मुहूर्त टळेल म्हणून सबनिसांनी स्वतः दोर बांधला आणि ट्रक मोटार ओढत निघाला. वाटेत लोक विचारायला लागले, कोण कोणाला ओढतंय? तर आमचे हे काच खाली करून प्रत्येकाला सांगत होते, "त्यांचा ट्रक चढाला दमतो हो. आम्ही मागून रेटतोय!"

पंगती बसल्या. जिलबी वाढताना हे आणि वसंता दोघं मला शोधत आले. एका बाजूला हे, एका बाजूला तो.

"तू दोघांनाही तोच शब्द दिलास?" ह्यांनी विचारलं.

"ताई, असं का केलंस?" वसंता म्हणाला.

मी कान पकडले. "चुकलं बाबांनो! पुन्हा म्हणून कुणाला असा शब्द देणार नाही. झालं?"

दोघांचे चेहरे जरा निवळले. हे जिलबीला हात घालणार, इतक्यात दारात घुंगरं वाजली. पेंढा रिकामा करून, बैलांच्या शिंगांना गुलाल लावून, स्वतः धुतलेला सदरा घालून आमचा गाडीवान उंबऱ्यात उभा! अख्ख्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने मला हाक मारली.

"वैनी, गारी लावलीय! नवरानवरीला पाठवा!"

दोघांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं सासर आणि माहेर एका सुरात बोललं:

"यालासुद्धा?"