न पाहिलेल्या माणसाचा पलंग

शेजारच्या अंगणात सकाळपासून सुतार काम करतो आहे. करवतीखालून उडणाऱ्या सागवानी भुशाचा कोरडा, गोडसर वास खिडकीतून आत आला आणि हातातलं काम हातातच राहिलं. हा वास मला वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेतल्या एका खोलीत नेऊन सोडतो.

मांडीचं हाड मोडल्यामुळे वडील वर्ध्याच्या दवाखान्यात होते. मी एका निवृत्त शिवणशिक्षिकेकडे खोली घेतली होती. बाई एकट्याच राहत. दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर आर्वीला घरी परतण्याआधी वडिलांनी काही दिवस तिथेच विसावावं, असं ठरलं. ते ऐकून बाई खोलीत आल्या आणि दारापासून पलंगापर्यंत एक पाय ओढत, भिंत धरत चालून पाहू लागल्या. कुणाचं तरी दुखरं म्हातारपण त्यांनी घटकाभर आपल्या अंगावर घेतलं होतं. मग म्हणाल्या, "पलंग लई बुटका आहे, पोरी. त्याईले उठता नाई येणार. जमिनीपासून गुडघ्यापर्यंतचं माप आणजो."

मी सुतळी घेऊन गेले. वडिलांचं कापडाचं दुकान. ते हसले, "काऊन वं, जन्मभर मी कापड मापलं, आता तू मले मापून राह्यली?" पण त्या दिवसापासून ते मनानं त्या खोलीत राहू लागले. "त्या बाईले सांगजो, मले पडल्या पडल्या रस्ता दिसला पाह्यजे." बाईंनी पलंग खिडकीकडे वळवला, सुताराकडून पायांखाली ठोकळे बसवून घेतले, न्हाणीपर्यंत भिंतीला लाकडी कठडा लावला. रोज संध्याकाळी मी नवं काय झालं ते सांगायचे आणि वडील डोळे मिटून ऐकायचे.

सुट्टी होणार त्याच्या आदल्या दुपारी त्यांच्या छातीत कळ आली, आणि ते गेले.

तेरावं आटोपून मी सामान घ्यायला गेले. बाईंनी खोली कुणालाच दिली नव्हती. पलंगावर धुतलेली, मऊ चादर होती. मला तिथं बसवून त्या खाली चटईवर बसल्या. "कसे होते ते? सांग मले."

त्या दिवसांत समजूत घालायला पुष्कळ माणसं आली. ती सारी वडिलांना ओळखणारी. असं कुणीच विचारलं नव्हतं. मी बोलत राहिले, रडले, पुन्हा बोलले.

बाईंचा चेहरा आता नीट आठवत नाही. पण वडिलांच्या शेवटच्या दिवसांना दवाखान्याबाहेर एक घर होतं, आणि मिटल्या डोळ्यांनी का होईना, ते त्यात राहून गेले. एवढं मला पुरतं.