खंडेनवमीची बोट

नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याची मोटारबोट तीर्थपुरीच्या पुढे गोदावरीत असे. रविवारी तो मलाही नेई. पेट्रोल भरून झालं की इंजिनावरचं झाकण उघडून तो वाकून वास घेई. वास पुरता जाईपर्यंत चावी खिशातच राही. कुणी घाई केली की म्हणे, "जल्दी काय हाय? नदी कुठं पळून चाल्ली का?"

एका खंडेनवमीला घरचे सगळे आले. मुलं बोटीत चढून बसली होती आणि भरताना थोडं पेट्रोल आत सांडलं होतं. तेवढ्यात त्याच्या आत्या पेटता कापूर घेऊन इंजिनाच्या पूजेला निघाल्या. तो आडवा उभा राहिला.

"बोटीजवळ इस्तू न्हाई आणायचा, आत्या."

"सरक बाजूला. मशिनीची आरती चुकवू न्हाई."

"आज चुकंल."

"एवढ्या पाण्यात राहून इस्तवाला भेतो का रे?"

"बिलकुल भेतो. आरती करायचीच तं इथं माझी कर. बोट मीच चालवतो."

सगळे हसले, आत्या हसल्या नाहीत. पण काठावरच, बोटीपासून लांब, त्यांनी त्याला ओवाळलं. लाइफ जॅकेट घालून, मान खाली घालून तो उभा होता. कापूर विझेपर्यंत तो वाटेतून हलला नाही.