थर्झा मावशीची पायवाट

आमच्या खाडीवर धुकं येत नाही, बसतं. एकदा बसलं की सकाळ आणि दुपार यांतली शिवण दिसेनाशी होते. मी एकोणीस वर्षांचा असताना असाच एका जूनमध्ये चिखलात चुकलो. दाताळ्यानं चिखल उकरून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढता काढता फार आत गेलो होतो. मान वर केली तर किनारा नाही, माणसं नाहीत, माझीच टोपली चार पावलांवर अंधूक. आणि पायाशी पाणी. भरती फिरली होती. आमच्याकडे पाणी तीन पुरुष चढतं, आणि गुपचूप चढतं. कुठल्या बाजूला चालावं ते कळेना. तेवढ्यात कुठून तरी पातेलं बडवल्याचा आवाज आला. टण, टण, टण. मी आवाजाच्या रोखानं चालत राहिलो. पाणी मांड्यांपर्यंत आलं तेव्हा पुढे खडक लागले, आणि खडकांवर एक बाई उभी, हातात पातेलं आणि डाव.

"दाताळं कुठंय?" तिनं विचारलं.

"राहिलं आत."

"दाताळं सोडून आलास? मग तू जगशील. चल, बूट बाहेर काढ, आणि मगच घरात ये."

ती थर्झा क्रॉली. ती आमच्या कुणाचीच मावशी नव्हती, पण खाडीवर सगळे तिला मावशी म्हणत. बावीस वर्षं तिनं माशांच्या डब्यांच्या कारखान्यात कात्रीनं हेरिंग माशांची डोकी उडवली. बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या असत. कारखाना बंद पडला तरी सवयीनं रोज सकाळी ती पट्ट्या गुंडाळायची, मग हसून सोडवायची. नवरा ऑरिन लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. बापाकडून आलेलं साठ एकरांचं टोक तेवढं होतं, समुद्रात जिभेसारखं शिरलेलं. त्यावर स्प्रूसच्या सूचिपर्णी झाडांचं रान, रानाखाली गुडघाभर शेवाळ, आणि घराच्या मागून चिखलाकडे उतरणारी एक पायवाट. त्या वाटेनं तिच्या आज्याच्या वेळेपासून तिसऱ्या काढणारे जात होते. कुणी विचारत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं. जुलैत इथल्या मूळच्या पासामाक्वॉडी जमातीच्या बायका त्याच वाटेनं खाजणातलं गोड वासाचं गवत कापायला यायच्या, टोपल्या विणण्यासाठी. जाताना मावशीच्या पायरीवर गवताची एक वेणी ठेवून जायच्या. तिचं सगळं घर त्या वासानं भरलेलं असे, आणि त्यात काकवीच्या बिस्किटांचा वास.

मग खाडीचा पलीकडचा काठ विकला गेला. एका उन्हाळ्यात तिथं सात घरं उभी राहिली, आणि वाटेवर साखळी. दुसऱ्या वर्षी उत्तरेच्या बाजूलाही तेच झालं. ज्या चिखलात आमच्या बापांनी पोटं भरली तो तसाच पडून होता, पण आम्हाला तिथं पोचायला वाट उरली ती एकच, मावशीच्या घरामागची. जमिनीची गिऱ्हाइकं तिच्याकडेही येऊ लागली. मावशी त्यांना बिस्किटं द्यायची आणि उत्तर द्यायची नाही.

तिचा भाचा ड्वाइट बँगोर शहरात गाड्या विकायचा. तो म्हणे, "मावशी, वेळ निघून गेली की कुणी कुत्रंही विचारणार नाही."

"कुत्री रोज विचारतात," मावशी म्हणायची. "तीच तर जाऊन येऊन असतात टोकावर."

त्या हिवाळ्यात तिला एक स्वप्न पडलं. मला तिनं ते वाटेवर चालता चालता सांगितलं, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. स्वप्नात टोकावर झाडं नव्हती. नुसती कापलेली हिरवळ, गुळगुळीत. ती अनवाणी चालत होती, आणि हिरवळीच्या खाली तिला तिसऱ्यांचा श्वास ऐकू येत होता. ओहोटीला चिखलावर पाऊल टाकलं की शेजारी बारीक पिचकारी उडते ना, तसं. पण पाणी वर यायला जागाच नव्हती. "लायल," ती म्हणाली, "त्या गुदमरत होत्या रे. आणि मी हिरवळीला पाणी घालत होते."

वसंतात तिनं शेजारच्या गावातल्या जमीन राखणाऱ्या संस्थेला पत्र लिहिलं. तिथली लोर्ना नावाची बाई आली, मोठाले बूट घालून. तिनं नीट समजावलं. "क्रॉलीबाई, जमीन तुमचीच राहील. तुम्ही ती विकू शकता, कुणाच्या नावे ठेवू शकता. फक्त तिथं नवी घरं बांधायचा हक्क तुम्ही कायमचा सोडायचा, आणि वाट लोकांना खुली ठेवायची. मालक बदलला तरी करार जमिनीबरोबर जाईल. तो पाळला जातोय की नाही ते बघायला दरवर्षी आम्ही येऊ."

"कायमचा म्हणजे किती?"

लोर्ना म्हणाली, "आम्ही कायमचाच लिहितो. पुढचं आम्हालाही माहीत नाही."

ते उत्तर मावशीला आवडलं. पण वकिलाकडून कागदाचा मसुदा आला तेव्हा तिनं चष्मा काढून ठेवला. "हे 'सर्वसामान्य जनतेस पायी प्रवेश' कोण आहे? मी याला ओळखत नाही. लिही, दाताळं आणि टोपली घेऊन चिखलात जाणारा. लिही, गवत कापायला येणाऱ्या बायका. नाहीतर उद्या कुणी म्हणेल, चाला, पण हात रिकामे ठेवा."

वकिलानं तीनदा कागद बदलला. हद्द दाखवायला मावशी स्वतः चालली. तोवर तिला फारसं दिसेनासं झालं होतं. मी कोपराला धरलं होतं, पण वाट तीच दाखवत होती. इथं ऑरिननं मला मागणी घातली, इथं हरणी विते, इथं पाय टाकू नकोस, ओल आहे. धुकं झाडांतून सावकाश सरकत होतं. लोर्ना नकाशावर लिहिता लिहिता थांबली आणि नुसती ऐकत राहिली.

ड्वाइट सहीच्या आदल्या दिवशी आला. दारातच उभा राहिला.

"तू जमीन देऊन टाकतेयस."

"कुठे देतेय? तुझीच होणार आहे ती."

"घर बांधता येणार नाही अशी जमीन घेऊन मी काय तिच्यावर पडून राहू?"

"पडून बघ तरी. मऊ आहे."

मला हसू आलं, पण त्याचा चेहरा पाहून मी खाली बघितलं. लहानपणी तो प्रत्येक उन्हाळा इथं काढायचा. गाडीत बसताना त्याचे डोळे लाल होते, आणि तो दोन वर्षं फिरकला नाही. मावशी रविवारी जास्तीची बिस्किटं करायची, आणि सोमवारी ती आम्हाला वाटायची.

सही झाली, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दप्तरात नोंद झाली. त्या शरद ऋतूत आम्ही अकरा जणांनी ओलीच्या जागी देवदाराच्या फळ्या टाकल्या. गवत कापायला येणाऱ्या बायकांतली डेलिया तिच्या बहिणींना घेऊन आली आणि तिनं आमच्यापेक्षा सरळ खिळे ठोकले. मावशी खुर्चीवर बसून आवाजावरून चुका काढत होती.

तिच्या शेवटच्या मार्चमध्ये ड्वाइट आला. दोघं काय बोलले ते मला माहीत नाही. मी लाकडं टाकायला गेलो तेव्हा तो तिच्या बोटांना पट्ट्या गुंडाळून देत होता आणि ती डोळे मिटून पडली होती. तिसऱ्या दिवशी ती गेली.

त्यानं जमीन विकलीच. त्याला मुलांची शिक्षणं होती, मी त्याला दोष देत नाही. बॉस्टनच्या एका डॉक्टरनं जुन्या घरासकट टोक घेतलं. मे महिन्यातल्या पहिल्या मोठ्या ओहोटीला आम्ही नेहमीप्रमाणे निघालो. डॉक्टर अंगणात कॉफीचा कप घेऊन उभा होता. धुक्यातून एकामागून एक अकरा माणसं निघालेली पाहून तो जागच्या जागी थिजला.

"कागद वाचलाय ना तुम्ही?" मी विचारलं.

"वाचलाय. दोनदा. पण तुम्ही खरंच याल असं वाटलं नव्हतं."

"रोज येतो."

तो आमच्या बुटांकडे, टोपल्यांकडे बघत राहिला. बाकीचे लोक झाडांत शिरून दिसेनासे झाले होते.

"उद्या किती वाजता?" त्यानं विचारलं.

"ओहोटी रोज सरकते तशी. आजच्यापेक्षा पन्नास मिनिटं उशिरा," मी म्हणालो, आणि फळ्यांवर पाऊल ठेवलं.