कैलासावर बसायची सोय

मुंबईला चित्रकला शिकून मी रत्नागिरीतल्या एका शाळेत ड्रॉइंगमास्तर म्हणून लागलो आणि आत्याकडे राहायला आलो. ऐंशीनंतरचीच वर्षं ती. घरोघरी गणपतीला थर्माकोलच्या मखरांचं फॅड नुकतंच शिरलं होतं. मी जाहीर करून टाकलं, आपल्या गणपतीमागे यंदा मी रंगवलेला कैलास! वर शाळेतल्या झाडून सगळ्या मास्तरांना दर्शनाचं आमंत्रण देऊन बसलो. हौसच दांडगी.

आदल्या दिवशी रंगवलेला पडदा आत्यासमोर धरला. सगळे निळे त्रिकोण, मधला सर्वांत उंच, वर अगदी सुईसारखा. आत्या कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"करंज्या उभ्या केल्यास होय रे?"

"आत्या, ही शैली आहे. डोंगर हुबेहूब काढायचा नसतो, त्यातला अर्थ काढायचा असतो." मग काय, मी सुटलोच. निळा म्हणजे अनंत. पांढरी रेघ म्हणजे गंगा, म्हणजेच चैतन्य. आणि टोक म्हणजे वर वर जाणारा आत्मा.

"आणि हा काळा डाग?"

"अज्ञान," मी ठोकून दिलं. खरं तर तिथं रंग सांडला होता.

"ते दिसतंच आहे. पण मेल्या, डोंगराला माथा कुठाय?"

आमच्याकडचे डोंगर वर सपाट. त्या कातळी माळाला आम्ही सडा म्हणतो. तिथं गुरं चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. वर सडा नाही तो डोंगरच नाही, असा आत्याचा हिशेब. हा हिमालय आहे, असं मी परोपरीने सांगून पाहिलं.

"असेल. कापून टाक ते टोक. नाहीतर गेल्या वर्षीचा साटीनचा पडदा लावते."

माझं डोकंच फिरलं. अहो, सगळा अर्थ त्या टोकात होता! "मुळीच कापणार नाही. शंकराला चालतंय, तुला का टोचतंय?"

"शंकराचं मला सांगू नकोस. तो देव, तो सुईवरसुद्धा बसेल. ह्यांचं काय?"

"कुणाचं?"

"ह्यांचं! गेले तेव्हा पेपरात काय छापलंत? कैलासवासी. म्हणजे तिथंच आहेत ना? साधा माडीचा जिना उतरताना माझा हात धरायचे, उंचावर घेरी यायची त्यांना. आणि तू त्यांना ह्या टोकावर उभं केलंस."

मी हसायला तोंड उघडलं, पण हसता येईना. ब्रश घेतला, आभाळाच्या रंगाने टोक बुजवलं आणि माथा आडवा केला.

"झालं समाधान?"

आत्या जवळ आली. चष्मा वर सारून तिने माथ्यावर आपली वीत ठेवून पाहिली.

"आणखी थोडा रुंद कर. मी गेल्यावर काय उभीच राहू?"