पोळ्याला रंगवलेला पाण्यातला बैल

श्रीशैलच्या वडलांचे, चंद्रप्पांचे, गुडघे धरले तेव्हा त्यांनी घरची बैलजोडी माळेगावच्या जत्रेत विकली, आणि त्या दिवसापासून दारात पोळा आला की सुनं सुनं वाटायचं. श्रीशैल पोटासाठी मालवणला जाऊन राहिला. तिथं समुद्रावर माणसं फिरवायची वॉटर स्कूटर चालवायला शिकला आणि परत येताना एक जुनी स्कूटर टेम्पोत घालून घेऊन आला. मन्याडच्या धरणावर रविवारी नांदेड-लातूरचे लोक यायचे, त्यांना फेरी मारून आणायचा. गावानं त्या गाडीला नाव ठेवलं, पाण्यातला बैल.

यंदाच्या पोळ्याला म्हातारा म्हणाला, "बैल म्हणतेत ना त्याला? मग शिंगं रंगव की त्याची."

"अप्पा, त्याला कुठं शिंगं हायत?"

"पोट तर हाय!"

श्रीशैलला ते पटलं. सीट उचलून त्यानं पोटातलं इंजिन धुतलं, पुसलं. मन लावून काम करायची त्याची सवय. वायरींवर रंग नको म्हणून त्यानं त्या सोडवून बाजूला धरल्या, इंजिनाला चंदेरी रंगाचे दोन हात दिले, वाळल्यावर सगळे नट परत आवळले. बायकोनं, गौरम्मानं, विभूतीची तीन बोटं ओढली, झेंडूची माळ घातली, पुरणाचा नैवेद्य दाखवला. म्हातारा डोळे भरून बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी गाडी पाण्यात गेली आणि पोटातून जळका वास आला.

सीट उचलून पाहतो तर चार्जिंगच्या रेग्युलेटरची काळी वायर तापून मऊ झालेली. बोट लावलं तर चटका. इंजिन सुरू करणारा सेल्फसुद्धा कण्हत कण्हत फिरत होता, आजारी माणूस कूस बदलतो तसा.

एरवी श्रीशैलनं एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण गेल्या वर्षी विसर्जनात गल्लीतला व्यंकटी गणपती घेऊन पुढं पुढं गेला, पाय सुटला आणि दोन गटांगळ्या खाल्ल्या. काठावरून दोरी टाकून कसाबसा ओढला तेव्हा त्याचं पोट पाण्यानं तट्ट फुगलं होतं. यंदा गावच्या बैठकीत श्रीशैलनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "दोरीवाले नकोत, होडी नको. मी गाडी घेऊन पाण्यात उभा राहतो." लोकांनी मान हलवली आणि होडीवाल्याला नाही म्हणून कळवलं. आता ऐन वेळी गाडी पाण्यात मेली तर बुडणाऱ्याला धरायला कोण होतं?

त्यानं कंधारहून पंढरीला आणलं. पंढरी ट्रॅक्टरच्या वायरिंगचा वस्ताद. त्यानं पोटात डोकं घातलं, वायर दाबली, मान हलवली. "चार्जिंगची वायर जळून राहिली म्हणजे घोटाळा चार्जिंगचाच. वायर बारीक हाय, जाड टाकू."

जाड टाकली. गाडी पाण्यात नेली, चार-दोनदा सेल्फ मारला. आता वायर कोमट राहिली, पण तिच्या टोकाचा लग, नटाखाली आवळायची ती कडी, लाल व्हायला आला.

"मग रेग्युलेटर गेला," पंढरी म्हणाला.

नांदेडात कुणाकडं तो मिळेना. दुकानदार विचारायचे, "पाण्यात स्कूटर? भाऊ, आमच्याकडं रस्त्यावरच्या स्कूटरचा हाय." मालवणच्या जुन्या सोबत्याला फोन करकरून पार्सल मागवलं. इकडं गल्लीत गणपती बसले, आरत्या सुरू झाल्या. पार्सल आलं, रेग्युलेटर बसवला, सेल्फ मारला. ये रे माझ्या मागल्या! मग पंढरीला बॅटरीचा संशय आला. बॅटरी बदलली. वायर तापायची ती तापलीच.

"पंढरी, तुला कळतंय का काही, का नुसतं एकेक बदलून राहिलास?"

"मला कळत असतं तर तुझ्या गाडीच्या पोटात तोंड घालून बसलो असतो व्हय?" पंढरीही वैतागला होता.

घरी आलं की श्रीशैलचं डोकं भणभणायचं. गौरम्मा संध्याकाळची पूजा करून उठली आणि म्हणाली, "अहो, महादेवाला सांगून ठिवलंय मी."

"महादेवाला वायरिंग येतंय का बघ!"

बोलून गेला आणि त्याची त्यालाच शरम वाटली. गौरम्मानं ताट वाढलं. बाहेर ओट्यावर म्हातारा कुणाला तरी कौतुकानं सांगत होता, "रंगवल्यापासनं बैल कसला देखणा दिसायलाय!"

विसर्जनाच्या आदल्या दिवशी बॅटरी पार बसली. सेल्फ टिक टिक करून गप्प. पंढरीनं जीप काठाला लावली, जीपच्या बॅटरीला चिमट्यांच्या दोन केबली जोडल्या. लाल चिमटा श्रीशैलनं गाडीच्या बॅटरीला धरला. काळा चिमटा बॅटरीपर्यंत पुरेना. वैतागून त्यानं तो इंजिनाच्या एका उघड्या कडेला लावला. तिथवर ब्रश पोचला नव्हता.

सेल्फ असा फिरला की दोघं दचकले. गाडी एका झटक्यात सुरू झाली.

"जीपची बॅटरी दांडगी हाय," पंढरी म्हणाला.

श्रीशैलनं काळ्या वायरीला बोट लावलं. गार. गाडी बंद करून त्यानं पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा मारला. वायर गारच. मग काळा चिमटा इंजिनावरून काढून त्यानं ओढून ताणून बॅटरीच्या मायनसला टेकवला आणि सेल्फ मारला. पुन्हा तेच कण्हणं, पुन्हा चटका.

पंढरी पुन्हा पोटात वाकला.

"म्हणजे बॅटरीपासून इंजिनापर्यंतची वाट बंद हाय," पंढरी हळूच म्हणाला. "जाड मायनस केबल कुठं आवळलीस?"

श्रीशैलनं पाना घेतला आणि इंजिनावरचा तो नट सोडला. केबलीच्या लगाखाली चंदेरी रंग. गुळगुळीत, दोन हातांचा, पोळ्याच्या दिवशी होता तसाच. केबल लोखंडाला नाही, रंगाला आवळलेली होती. हमरस्ता अडला की गावातल्या बोळातून ट्रक घुसतात, तसा सेल्फचा सगळा करंट त्या बिचाऱ्या रेग्युलेटरच्या वायरीतून परतत होता. चार्जिंगचा काडीचा दोष नव्हता.

"कुणी रंगवलं रे हे?" पंढरीनं विचारलं.

"गप बस." श्रीशैलनं कानस घेतली. लोखंड पांढरं होईस्तोवर घासलं, दात खात घासलं आणि केबल परत आवळली. इतके दिवस या रंगावरून हात फिरवून तो चार्जिंगला शिव्या घालत होता.

अनंत चतुर्दशीला तो दुपारपासूनच कमरेएवढ्या पाण्यात गाडीवर बसून राहिला. गणपती येत होते, जात होते. मधून मधून सेल्फ मारायचा आणि सीटखाली हात घालून वायर चाचपायचा. गार असली तरी विश्वास बसेना. डोकं अजून तापलेलंच होतं.

सूर्य कलला तेव्हा व्यंकटी आला, डोक्यावर गल्लीचा मोठा गणपती. पाणी कमरेला आलं, छातीला आलं, तरी गडी थांबेना.

"व्यंकट्या, बास!"

व्यंकटीनं ऐकलं नाही. श्रीशैलनं बटण दाबलं. इंजिन पहिल्या हाकेला उठलं. हळूच गाडी त्याच्या पाठीमागं नेऊन उभी केली. मूर्ती पाण्यात सोडताना व्यंकटी पुढं झुकला, पाय घसरला, पाणी हनुवटीला लागलं. त्याचा हात मागं आला, गाडीची कड सापडली, ती त्यानं घट्ट धरली. काठावर कुणाला काही कळलंही नाही. श्रीशैल त्याला तसाच ओढत उथळात घेऊन आला.

काठावर येताच व्यंकटीनं डोकं पुसलं आणि चारचौघांत ओरडला, "काय श्रीशैल्या, दिवसभर तुझा बैल नुसता पाण्यात डुंबला की रे! काय कामाचा?"

लोक हसले. श्रीशैलच्या तोंडाशी शिवी आली होती. पण व्यंकटीचा ओला हात अजून गाडीच्या कडेवरच होता. श्रीशैलनं तो बघितला आणि शिवी गिळली.

घरी म्हाताऱ्यानं पहिलंच विचारलं, "रंग टिकला का रं?"

"टिकला, अप्पा," श्रीशैल म्हणाला. "नको तितका टिकला."